गोव्याच्या आभाळाचे फोटो: दक्षिण आणि पश्चिम हाताशी धरून

गोव्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेपंधरा अंशांवर दिसतो. हात पुढे ताणून मूठ धरली, तर साधारण दीड मूठ उंचीवर. माडाची एखादी झावळ, शेजारच्या घराचं कौलारू छप्पर किंवा डिसेंबरातलं धुकं, त्याला झाकायला काहीही पुरतं. आकाशाचे फोटो कसे काढावेत यावरचे बरेचसे धडे युरोप-अमेरिकेत लिहिलेले आहेत. तिथे ध्रुव चाळीस-पन्नास अंश वर असतो, बऱ्याच ठिकाणी हवा कोरडी असते आणि रात्रीच्या गारव्यात कॅमेरा आपोआप थंड राहतो. आपल्याकडे यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून हा लेख गोव्याचा अक्षांश, इथली दमट हवा आणि पश्चिमेचा समुद्र धरून लिहिला आहे.

इथलं खरं धन दक्षिणेला आहे. त्रिशंकू या तारकासमूहातला सगळ्यात खालचा तारा दिल्लीच्या क्षितिजावर येतच नाही. गोव्यात तो अकरा अंशांपर्यंत चढतो. अगस्त्य बावीस अंशांवर येतो, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ सत्तावीस अंशांवर, आणि आकाशगंगेचं केंद्र, वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्या मधला तो दाट पट्टा, थेट पंचेचाळीस अंशांवर. ज्याला फोटो काढायचेत त्याने उत्तरेकडे पाठ करून दक्षिण आणि पश्चिम क्षितिज मोकळं मिळेल अशी जागा शोधावी, हे माझं पहिलं आणि ठाम सांगणं.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर पावसाचे. त्या महिन्यांत सामान जपायचं, सॉफ्टवेअर शिकून घ्यायचं. ऑक्टोबर उजाडला की पावसाने धुतलेली हवा मिळते आणि संध्याकाळीच आकाशगंगा नैऋत्येला उभी असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. संधिप्रकाश पुरता विझायला आपल्याकडे सव्वा तास लागतो, म्हणजे साडेसातला काळोख. तेव्हा आकाशगंगेचं केंद्र अजून छत्तीस अंशांवर असतं आणि पावणेअकराच्या सुमारास ते समुद्रात जातं. साडेसात ते साडेनऊ हे दोन तास पकडा. जेवून घरी परतायची घाई असलेल्या माणसालाही हे जमण्यासारखं आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ सगळ्यात स्वच्छ, पण दव सगळ्यात जास्त. या दिवसांत मृग नक्षत्र, कृत्तिका, देवयानी दीर्घिका हे विषय. 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव शिगेला असतो. त्यासाठी रुंद लेन्स लावून कॅमेरा रात्रभर चालू ठेवायचा, एवढंच करायचं असतं. फेब्रुवारीच्या मध्यावर आकाशगंगेचं केंद्र पहाटे सव्वातीन-साडेतीनला आग्नेयेला उगवतं, आणि पहाट फुटेपर्यंत पंचवीस अंशांहून थोडं जास्त चढतं. एप्रिलअखेर तेच रात्री साडेदहाला उगवतं. मात्र तोवर हवा जड झालेली असते आणि ढगांचा भरवसा नसतो.

चंद्राचं गणित घरातल्या दिनदर्शिकेवरच कळतं. अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार दिवस धरा. दिवाळीची अमावस्या मात्र सोडून द्या. नरकासुराच्या प्रतिमा जाळतात त्या रात्रीपासून धूर खाली साचून राहतो आणि मोठमोठे दिवे लागलेले असतात. तीन-चार दिवसांनी जा. तेव्हा चंद्राची कोर लवकर मावळते आणि हवाही निवळलेली असते. हिवाळा हा गावोगावच्या जत्रांचाही काळ. ज्या वाड्यावर जाणार तिथल्या कोणाला तरी आधी फोन करून विचारा, नाहीतर देवळासमोरच्या हॅलोजनमध्ये रात्र जायची.

कुठे जायचं

नकाशा समोर ठेवून दिशा ठरवा. गावाचं नाव नंतर. ऑक्टोबरात विषय नैऋत्येला असतो, तेव्हा काणकोणची किनारपट्टी उत्तम: समोर समुद्र, वस्ती विरळ. दक्षिणेच्या अंगाला कारवारच्या दिव्यांची झाक येते, ट्रॉलरचे दिवे क्षितिजावर दिसतात, पण ते निभावून नेता येतं. फेब्रुवारी ते एप्रिल विषय आग्नेयेला उगवतो. तेव्हा सांगे किंवा सत्तरीत जा, कारण तिथे पूर्वेला सह्याद्रीचा काळोख असतो आणि पणजी-म्हापसा-मडगावचा उजेड पाठीमागे, पश्चिमेला राहतो. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात वेळ घालवू नका. पेडण्याच्या बाजूला मोपा विमानतळाचा उजेडही आता धरावा लागतो.

अभयारण्यांत रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि जाऊही नये. ओळखीच्यांची शेतजमीन सगळ्यात बरी. कुळागरात काळोख असतो पण माडा-पोफळींनी आभाळ झाकलेलं असतं. सरदीचं (पावसाळी) भात कापून झालेलं मोकळं शेत चांगलं. वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) पाणी भरलेल्या शेताच्या बांधावर मात्र दव दुप्पट. सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, हाही चांगला पर्याय आहे, चहूबाजूंनी क्षितिज मिळतं, पण जांभ्या दगडाच्या सड्यावर फुरसं असतं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला, बसण्याआधी जागा उजेडात पाहून घ्या, आणि उजेड असतानाच पोचा. सांगे-सत्तरीत गवे रस्त्यावर येतात, रात्री गाडी सावकाश हाका. आणि एकट्याने जाऊ नका.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. उजेड दिसला तर मादी परत समुद्रात जाते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. आगोंद आणि गालजीबागला आभाळ छान काळं असतं म्हणून मोह होतो, पण हंगामात तिथे रात्री कॅमेरा मांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लाल टॉर्चही नको. काणकोणात दुसरे किनारे आहेत.

काय लागतं

मॅन्युअल मोड असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस, सोबत मिळालेली 18-55 मिमी (किट) लेन्स, न हलणारा ट्रायपॉड, ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हॅलोमीटर (पुष्कळ कॅमेऱ्यांत तो आतच असतो), एक जादा बॅटरी, पॉवर बँक आणि लेन्सला गुंडाळायची यूएसबीवर चालणारी गरम पट्टी. या शेवटच्या वस्तूला मी दुसऱ्या लेन्सच्या आधी पैसे घालायला सांगेन. फोनवरही सुरुवात होते: ट्रायपॉडला पकड लावा, प्रो मोडमध्ये रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू करा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 ते 3200, वेळ 15 सेकंद, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात आणि फोटो हलतात. तीन पायांखाली फरशीचे तीन तुकडे ठेवा. भरतीची वेळ आधी पाहा. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवून पुसा, खाऱ्या हवेत स्क्रू फार लवकर गंज धरतात. हिरवा लेसर नेऊ नका. दाबोळी आणि मोपाची विमानं डोक्यावरून जातात आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर तो उजेड पडणं धोक्याचं आहे.

कॅमेरा लावताना

फोकसवर सगळा खेळ आहे, म्हणून इथे घाई नको. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, लेन्समधलं कंपनरोधक बंद करा. लाइव्ह व्ह्यू चालू करून एखादा ठळक तारा चौकटीत आणा: हिवाळ्यात व्याध, ऑक्टोबरात अभिजित किंवा श्रवण. आता पडद्यावर दहापट मोठं करा. तारा सुरुवातीला फुगलेला, धुरकट गोळा दिसेल. फोकसची कडी अगदी केसभर फिरवा. गोळा आकसत आकसत मोहरीएवढा होतो, आणखी फिरवलं की पुन्हा फुगायला लागतो. तो फुगायला लागला की परत मागे या. सगळ्यात लहान ठिपका दिसेल तिथे थांबा आणि कडीवर चिकटपट्टी लावा. व्याधाभोवती जांभळी किंवा लाल झालर दिसते, तिचा रंग बदलतो त्या जागेच्या आसपासच खरा फोकस असतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. तासाभराने पुन्हा तपासा, कारण रात्र गार होत जाते तसा फोकस किंचित सरकतो.

मग सेटिंग. रॉ फाइल, छिद्र (अॅपर्चर) लेन्सचं सगळ्यात मोठं (किट लेन्सवर 18 मिमीला एफ 3.5; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ 3200, व्हाइट बॅलन्स 4000 केल्विनच्या आसपास, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. हे शेवटचं चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं? 500 भागिले लेन्सची समतुल्य फोकल लांबी हा नियम सगळीकडे सांगतात. 18 मिमी लेन्स आणि 1.5 क्रॉप (लहान सेन्सरसाठीचा गुणक) म्हणजे 27, उत्तर 18 सेकंद. पण आजच्या कॅमेऱ्यांच्या बारीक पिक्सेलला ते जास्त होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा सेकंदाला जास्तीत जास्त 15 विकला (एका अंशात 3600 विकला) सरकतो. 4 मायक्रॉनचा पिक्सेल आणि 18 मिमी लेन्स असेल, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे 46 विकला मावतात. 18 सेकंदांत आकाशगंगेच्या केंद्राजवळचा तारा पाच पिक्सेल सरकतो, त्याची रेघ दिसते. 12 सेकंदांत तो तीन-साडेतीन पिक्सेल सरकतो, ते खपून जातं. म्हणून 12 सेकंदच ठेवा आणि फोटोंची संख्या वाढवा.

पहिला फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहा. उंचवटा डावीकडून एक तृतीयांशावर हवा. मधोमध गेला असेल तर आभाळात उजेड जास्त आहे, आयएसओ 1600 वर आणा. मग एकाच चौकटीचे निदान तीस फोटो एकापाठोपाठ घ्या. अनेक फोटो एकावर एक रचले की कणकण (नॉइज, फोटोतले खोटे रंगीत ठिपके) त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते: 16 फोटोंनी चौपट, 100 फोटोंनी दहापट सुधारणा.

शेवटी लेन्सला झाकण लावा आणि त्याच सेटिंगवर, त्याच जागी, दहा-पंधरा फोटो घ्या. या डार्क फ्रेम; फोटो रचताना सॉफ्टवेअर त्या मूळ फोटोंतून वजा करतं. गोव्यात त्यांचं मोल जास्त आहे. सेन्सरमध्ये उष्णतेमुळे साठणारा खोटा प्रकाश (डार्क करंट) तापमान साधारण 6 ते 7 अंशांनी वाढलं की दुप्पट होतो, आणि आपल्या रात्री उबदार असतात. डार्क फ्रेम घरी येऊन एसीत काढू नका, तापमान जुळत नाही.

पहिला फोटो पश्चिमेचा काढा

नवख्याला मी आकाशगंगेच्या आधी ताऱ्यांच्या रेषा काढायला लावतो, आणि त्याही पश्चिमेला समुद्रावर. ध्रुवाभोवतीची वर्तुळं आपल्याकडे क्षितिजाला लागून अर्धी कापली जातात. पश्चिमेला मात्र गोव्याचा स्वतःचा फोटो मिळतो. साडेपंधरा अंश अक्षांशावर तारे क्षितिजाशी सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंशांचा कोन करून मावळतात, म्हणजे जवळजवळ उभे खाली येतात. चौकटीच्या मध्यावर रेषा सरळ, डावीकडच्या दक्षिणेकडे वाकलेल्या, उजवीकडच्या उत्तरेकडे. हे चित्र नॉर्वेतून मिळणार नाही.

कृती सोपी आहे. एफ 4, आयएसओ 800, 30 सेकंद, मध्ये एक सेकंदाची उसंत, आणि तासभर चालू ठेवा. तासात तारे 15 अंश सरकतात, तेवढी रेषा पुरेशी लांब दिसते. नंतर स्टारस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो टाका, ते रेषा जोडून देतं. मध्येच एखाद्या फोटोत कोणी टॉर्च मारला असेल तर तो फोटो काढून टाकू नका, रेषेत फट पडते. तेवढा भाग आधी काळा रंगवा.

चंद्राचे फोटो याहून सोपे. एफ 8, आयएसओ 100, पूर्ण चंद्राला सेकंदाचा सव्वाशेवा भाग. पण विवरं पाहायची तर अष्टमीच्या आसपास काढा, सावल्या लांब पडतात आणि उठाव येतो.

दक्षिणेचे तारकासमूह आणि ट्रॅकर

ओमेगा सेंटॉरी, कॅरिना तेजोमेघ, मृगातला तेजोमेघ यांच्यासाठी 50 ते 200 मिमी लेन्स आणि आभाळाबरोबर फिरणारा ट्रॅकर लागतो. वेळ चुकवू नका, कारण यातले पहिले दोन, दक्षिणेचे विषय खाली असतात आणि मध्यमंडलावर (थेट दक्षिणेला, आपल्या सर्वांत उंच जागी) असतानाच हवेचा थर सगळ्यात कमी असतो. 15 अंशांवर प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ चौपट हवेतून येतो, 27 अंशांवर सव्वादोनपट. कॅरिना मार्चच्या मध्यावर रात्री पावणेबारा-बाराला मध्यमंडलावर येतो, ओमेगा सेंटॉरी एप्रिलच्या मध्यावर साडेबाराला, त्रिशंकू त्याच्या तासभर आधी. ओमेगा सेंटॉरी काळ्या आभाळात नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ठिपका म्हणून दिसतो, आधी तो डोळ्यांनी शोधा.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावायचा, आणि इथेच गोवेकराची अडचण सुरू होते. ध्रुव झाडाआड असेल तर फोनमधल्या कोनमापकाने अक्ष साडेपंधरा अंश उचला आणि होकायंत्राने उत्तर धरा. गोव्यात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक आहे. होकायंत्र ट्रायपॉडच्या लोखंडापासून आणि गाडीपासून लांब धरा. 50 मिमी लेन्सवर तीस सेकंदांना एवढं चालतं.

लांब लेन्ससाठी सरकण पाहून अक्ष दुरुस्त करा. खविषुववृत्ताजवळचा (आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा), मध्यमंडलावरचा एक तारा मोठा करून पाच मिनिटं पाहा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेकडे जास्त गेलेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. ते जुळलं की पूर्व क्षितिजाजवळचा तारा घ्या: दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. दोन्ही दुरुस्त्या आलटून पालटून केल्या की अर्ध्या तासात काम होतं, आणि ध्रुव दिसलाच नाही तरी अडत नाही. मोठ्या माउंटवर (दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्रावर) आपल्या अक्षांशाला तोलाचं वजन ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकतं. रात्री मोटर चालू करण्याआधी ते हाताने फिरवून पाहा.

दव आणि बुरशी

गरम पट्टी दव पडल्यावर लावून उपयोग नाही, कॅमेरा मांडल्याबरोबर चालू करा. लेन्सवर दव धरलंच तर कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात आणि फोकसही हलतो. पट्टीचं तापमान वाढवा आणि थांबा. एसी गाडीतून उतरून कॅमेरा लगेच बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते. तो बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या.

पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी शिरली की लेन्स गेल्यातच जमा. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक, काटा 40 ते 50 टक्क्यांत. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायची पद्धत सोडा, तांदळाची पूड आत जाते.

घरी संगणकावर

फोटो एकावर एक रचायला विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर सगळ्यात सोपं, बाकी कुठेही सिरिल. दोन्ही मोफत. सिक्वेटरमध्ये ताऱ्यांचे फोटो आणि डार्क फ्रेम वेगवेगळ्या रकान्यांत टाका, आभाळाचा भाग रंगवून दाखवा आणि जमीन स्थिर ठेवायचा पर्याय निवडा, म्हणजे माडांची टोकं हलल्यासारखी दिसत नाहीत. मिळालेली सोळा बिट टिफ फाइल जिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

आधी काळा बिंदू (ब्लॅक पॉइंट) थोडा आत आणा, मग कर्व्ह या सोयीमध्ये मधला भाग हळूच उचला. एकदाच जोरात ओढण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं करा. किनाऱ्यावरच्या फोटोत क्षितिजाजवळ पिवळा-तपकिरी पट्टा राहतो, दमट हवेत दिव्यांचा उजेड पसरल्यामुळे. तो सिरिलमधल्या पार्श्वभूमी काढण्याच्या सोयीने बराचसा जातो, फक्त नमुन्याचे ठिपके आकाशगंगेवर ठेवू नका, नाहीतर तीही पुसली जाईल. आभाळ निळंशार रंगवण्याचा मोह आवरा. धनूतला दाट भाग मुळात पिवळसर असतो, कारण तिथे म्हाताऱ्या ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून येतो, आणि तो पिवळेपणा फोटोत राहायला हवा.

स्टेलॅरियम या आभाळाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पणजीचं ठिकाण टाकून पुढच्या अमावस्येची रात्र चालवून पाहा. कुठला विषय कोणत्या दिशेला किती वाजता किती उंच असेल, ते मिनिटागणिक दिसतं. सोबत हवी असेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी या गोव्यातल्या संस्थेकडे चौकशी करा. पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर त्यांनी अनेक वर्षं लोकांना दुर्बिणीतून आभाळ दाखवलं आहे. आणि रॉ फाइली जपून ठेवा, दोन ठिकाणी. ऑक्टोबरात काढलेले तीस फोटो आणि पुढच्या ऑक्टोबरात त्याच लेन्सने, त्याच चौकटीत काढलेले तीस एकत्र रचता येतात.